सरांना दिसलेली शिडी

"स्विच बंद करा," डॉ. प्रभंजन कुंभोजकर म्हणाले, आणि रेशमी सोवळ्याच्या निऱ्या सावरत त्यांनी अनामिकेनं इनक्युबेटरच्या दाराला कुंकू लावलं.

खंडेनवमीची दुपार होती. आमच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा विषाणू विभाग नव्या नवरीसारखा सजला होता. मायक्रोस्कोपला झेंडूचा हार, सेंट्रिफ्यूजवर हळदीची बोटं, आणि जवळ नुसता श्वास सोडला तरी ज्याचा आकडा हलतो त्या नाजूक वजनकाट्यावर चांगला शेंडीचा नारळ. गावातल्या वर्तमानपत्राचा फोटोग्राफर बोलावलेला होता. 'विज्ञान आणि संस्कृती यांचा संगम' असा मथळा सरांनी त्याला आधीच लिहून दिला होता.

"सर, आत माझ्या पेशी आहेत," अंबिका कोळेकर म्हणाली. ती सरांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी.

"मग त्यांनाही आज विश्रांती मिळेल."

फोटोग्राफर हसला. सर हसले. सर हसल्याची खात्री पटल्यावर डॉ. नंदनवार हसले. नंदनवार हे सरांच्या हाताखालचे सहायक प्राध्यापक. माणूस वाईट नाही, पण हसण्यापूर्वीसुद्धा परवानगी घेणारा.

मी शेजारच्या विकृतिशास्त्र विभागाची. प्रसादाला बोलावलं म्हणून आले होते. इनक्युबेटर म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही त्यालाही समजेल असं सांगते: ती एक उबेची पेटी असते. तिच्यात शरीराइतकी ऊब असते, मोजूनमापून कार्बन डायऑक्साइड असतो आणि प्राण्याच्या अंगातून काढलेल्या पेशी आपण अजून अंगातच आहोत अशा समजुतीत जगत राहतात. अंबिकानं शेळीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या पेटीत ठेवल्या होत्या. निम्म्या पेशींत शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर रोगाचा विषाणू सोडला होता, निम्म्या निरोगी राखल्या होत्या. ऊब गेली की दोन्ही मरणार, हे बारावीच्या पोराला कळतं.

"सर," मी म्हटलं, "आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या कीर्तन आहे. दसऱ्याला आम्हीही टाळ-पखवाजाची पूजा करतो. पण पूजा झाली की लगेच वाजवतो. देवापुढं वाद्य मुकं ठेवत नाहीत."

"खांबेटे मॅडम, ते तुमच्या टाळकुट्यांचं झालं. ही प्रयोगशाळा आहे."

हे त्यांनी मला हातात उदबत्ती धरून सांगितलं.

"मग ती प्लेट माझ्या विभागात नेऊ दे तिला. माझा जुना इनक्युबेटर चालू आहे."

"मांडलेली पूजा मोडायची? तुम्ही म्हणता हे? कीर्तनकाराच्या लेकीनं?"

त्यांनी इनक्युबेटरचं दार सताड उघडून उदबत्ती आतल्या कप्प्यांतून तीनदा फिरवली, दार लावलं, दारावर आडवा हार बांधला आणि प्लग उपसला. मग खोलीला कुलूप घालून किल्ली कनवटीला लावली. "उद्या सोनं लुटून आलो की उघडू."

अंबिका कुलपाकडे बघत उभी राहिली. नंदनवारांनी तिच्या हातावर पेढा ठेवला.

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे प्लेट घेऊन आली. पेशींचं खाद्य म्हणजे एक लालसर पाणी असतं. त्याचा आंबटपणा कमी-जास्त झाला की रंग बदलतो. ते जांभळं झालं होतं, जांभूळ पिळल्यासारखं. मी मायक्रोस्कोपखाली बघितलं. विषाणू दिलेल्या पेशी मेल्या होत्या. न दिलेल्याही मेल्या होत्या. फुगून फुटल्या होत्या, सगळीकडे राडा.

"सरांना दाखवलंस?"

"दाखवलं. म्हणाले, मेल्या ना? मग झालं तर."

आता या 'झालं तर'मागची गोम सांगितली पाहिजे. पेशी दोन तऱ्हांनी मरते. एक म्हणजे तिला कुणी मारलं तर. भाजली, गोठली, विष पडलं, की ती फुगते, फुटते आणि तिच्या पोटातला डीएनए वेडावाकडा तुटतो. दुसरी तऱ्हा निराळी. पेशीच्या घरातच मरणाची सगळी सामग्री जन्मापासून तयार असते. इशारा मिळाला की ती स्वतःच्या हातानं आवराआवर करते, आकसते, आपला डीएनए ठरावीक मापाच्या तुकड्यांत कापते, स्वतःची लहान लहान गाठोडी बांधते आणि शेजारणी ती गाठोडी गिळून टाकतात. बोभाटा नाही, सूज नाही. पीपीआरचा विषाणू शेळीच्या पांढऱ्या पेशींना हा दुसऱ्या तऱ्हेचा इशारा कसा देतो, हा अंबिकाचा विषय होता. आणि तो ओळखायची खूण अशी, की मेलेल्या पेशींचा डीएनए जेलीच्या वडीत घालून वीज सोडली, की मापानं कापलेले तुकडे पायरीपायरीनं खाली उतरतात. शिडी दिसते. वेडावाकडा तुटलेला असेल तर नुसता धुरकट पट्टा, पाटीवरून ओला हात फिरवल्यासारखा.

तिचा धुरकट पट्टा आला होता. दोन्हींत.

शनिवारी विभागाची बैठक झाली. अंबिकाच्या प्रबंधाच्या समितीत मी असल्यानं मलाही बोलावणं होतं. सरांनी पडद्यावर फोटो लावला. निरोगी पेशींचा रकाना कापून टाकला होता. उरलेल्या धुरकट पट्ट्याचा काळा-पांढरा रंग इतका चढवला होता, की त्यात बघणाऱ्यानं शिडीच काय, हत्तीही बघावा.

"बघा," सर म्हणाले, "काय सुंदर शिडी आली आहे."

सरांची नजर टेबलाभोवती फिरली.

"नंदनवार?"

नंदनवारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आहे सर. म्हणजे… वरून जरा पुसट, पण खाली पायऱ्या आहेत."

"किती?"

"चार… पाच असतील."

"सात आहेत," सर म्हणाले.

"हो, सातच," नंदनवार म्हणाले. "पाचच्या पुढच्या मी मोजल्याच नव्हत्या."

मग शिडी एकेकाला दिसत गेली. परजीवीशास्त्राचे बागवान सर म्हणाले, लांबून बघितलं की जास्त स्पष्ट दिसते. पोषणशास्त्राच्या बाई म्हणाल्या, डोळे जरा बारीक केले की दिसते. मी उभ्या आयुष्यात इतकी कीर्तनं ऐकली, रंगलेली ऐकली, पडलेलीही ऐकली. टाळकरी चुकला तर बुवा हात वर करून थांबतात, हे बघितलं होतं. पण बुवा बेताल झाले म्हणून सगळ्या टाळकऱ्यांनी मुकाट्यानं ताल बदलून घेतला, हे मी त्या वातानुकूलित खोलीतच पहिल्यांदा बघितलं.

"मला दिसत नाही," मी म्हटलं.

"मॅडम, त्याला दृष्टी लागते."

"आणि कापलेला रकाना? निरोगी पेशींचा?"

"जागा पुरत नव्हती," सर म्हणाले आणि पुढचा फोटो लावला. महिन्याभरात तीच शिडी त्यांनी हैदराबादच्या परिषदेत स्वतःच्या नावानं दाखवून टाळ्याही घेतल्या.

*

त्यानंतर एका संध्याकाळी अंबिका माझ्या घरी आली, तेव्हा मी दत्तमंदिरात निघाले होते. श्रीपतबुवांचं कीर्तन होतं. ते चुकवणं मला शक्य नव्हतं आणि तिला दारातून परत लावणंही. म्हटलं, चल, वाटेत बोल.

"सर म्हणतात, तोच फोटो प्रबंधात घाल. नाही तर सही करणार नाही."

"आणि सही नाही म्हणजे?"

"येत्या उन्हाळ्यात इथल्याच जागेच्या मुलाखती आहेत, मॅडम. डिग्री हातात नसेल तर बसता येणार नाही. ती जागा माझीच आहे असं सगळे म्हणतात." ती थोडं चालली. "आमच्या आबांच्या शेळ्यांच्या कळपात लागोपाठ दोन वर्षं रोग शिरला. नाकातून पू, तोंड सडलेलं, हगवण. आबा मला म्हणाले, अंबे, तू शिकतीस ना, तर ह्या कशानं मरत्यात तेवढं मला सांग. बाकी काय नको. मी त्यांना सांगेन म्हटलंय. आता काय सांगू? खोटी शिडी?"

मी काही उपदेश केला नाही. मला तो येत नाही, आणि येत असता तरी त्या पोरीला तो नको होता.

बुवांचं कीर्तन सुरू झालं. पूर्वरंग छान रंगला. पेटी भरात होती, मंडप भरला होता, आणि निरूपणाच्या ऐन चढणीवर बुवा एकाएकी थांबले. चिपळ्या खाली केल्या. म्हणाले, "माउली, माझं चुकलं. मी पुढचा चरण आधी घेतला, आणि त्यावर अर्थ रचत गेलो. तो अर्थ गोड वाटला तुम्हाला, मलाही वाटला, पण तो या अभंगाचा नाही. पुन्हा घेतो." आणि सत्तरीचा तो माणूस पहिल्या चरणापासून पुन्हा उभा राहिला. मंडपातलं कुणी उठून गेलं नाही. उलट गजर दुपटीनं झाला.

परतताना अंबिका म्हणाली, "एवढंच? एवढं सोपं असतं?"

"बुवांना असतं," मी म्हटलं.

सकाळी ती माझ्या विभागात हजर. "मॅडम, तुमचा जुना इनक्युबेटर द्या. पहिल्या चरणापासून घेते."

*

पुढचे काही आठवडे तिनं जे काम केलं, ते बघायला देवानं मला डोळे दिले याबद्दल मी त्याची ऋणी आहे. ताजं रक्त, नव्या पेशी, नवा विषाणू. तो जुना इनक्युबेटर खोकत खोकत चालायचा, पण चालायचा. ठरावीक वेळी ती पेशी काढायची आणि मला हाक मारायची. विषाणू दिलेल्या पेशी आकसत होत्या. आतलं केंद्रक गोळा होत होतं, पृष्ठभागावर बुडबुडे उठत होते, मग एकेक पेशी गाठोड्यांत सुटी होत होती. शेजारी निरोगी पेशी जशाच्या तशा, गोल, टवटवीत. आणि जेलीवर वीज सोडली तेव्हा एका रकान्यात शिडी उतरली. खरी शिडी. बाजूच्या रकान्यात निरोगी पेशींचा डीएनए वरच्या टोकाला अखंड बसून होता.

मी हात जोडले. अंबिकाला हसू आलं. "मॅडम, जेलला नमस्कार?"

"ज्यानं हे कापायला शिकवलं त्याला."

तिनं फोटो सरांकडे नेला. मी मुद्दाम बरोबर गेले. मला वाटलं होतं, सर चिडतील. ते खूश झाले! खुर्चीत मागं रेलले. "मी काय म्हणत होतो? निष्कर्ष माझाच बरोबर ठरला."

"हो सर," अंबिका म्हणाली. "मग हा फोटो घालते."

"हा कशाला? परिषदेत तो दाखवलाय. आता हा घातला तर लोक विचारतील, आधीचा कुठला होता? शिवाय हे काम परवानगीशिवाय दुसऱ्या विभागात झालंय. निष्कर्ष तोच आहे ना? मग फोटो कुठला का असेना."

"सर, त्या पेशी विषाणूनं मेलेल्या नाहीत."

"मेल्या त्या मेल्या. मेलेल्याला काय विचारायला जाणार आहे कुणी?"

कुंभोजकरांची विद्वत्ता मी पुष्कळदा ऐकली होती, पण तिचा तळ मला त्या दिवशी दिसला. खोट्यावाचून ज्याचं काम अडतं, त्याला निदान खऱ्याची भीती असते. या माणसाच्या पुढ्यात खरं आयतं आणून ठेवलं होतं, त्याच्याच बाजूचं, आणि तरी त्याला खोटंच हवं होतं. कारण ते त्याचं होतं.

अंबिकानं तो जुना फोटो प्रबंधात घातला. मला राग आला. तो माझ्या तोंडावर दिसला असणार, कारण ती म्हणाली, "छापू दे, मॅडम. सही तर होऊ दे. पण कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"आणि कुणीच विचारलं नाही तर?"

ती प्रबंधाचे कागद जुळवू लागली.

*

तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसावं. अंबिकाचे वडील बिरुआबा गावाहून आले होते. तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं. सभागृहातल्या गादीच्या खुर्चीत बसायला त्यांना अवघड वाटत होतं, म्हणून माझ्या शेजारी अगदी कडेला टेकले होते. बाहेरचे परीक्षक डॉ. मुळावेकर परभणीकडचे, निवृत्तीला आलेले. आवाज इतका हळू, की ऐकायला सगळे पुढं झुकायचे.

तिनं मांडणी छान केली. पडद्यावर तो फोटो आला.

"ही शिडी?" मुळावेकरांनी विचारलं.

"होय," सरांनीच उत्तर दिलं. "सात पायऱ्या."

"मला तर धूर दिसतो."

"प्रोजेक्टर जुना आहे," सर म्हणाले. "नंदनवार, तुम्ही मूळ जेल पाहिलंय."

"स्पष्ट होती सर," नंदनवार म्हणाले. "सात."

बागवान सरांनी मान हलवली. पोषणशास्त्राच्या बाईंनी डोळे बारीक केले. मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं, तोच मुळावेकरांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. "मी विद्यार्थिनीला विचारतो. बाळ, तुला दिसते का शिडी?"

अंबिकानं सरांकडे बघितलं. सर स्मित करत होते. त्यांनी मान हलवली नाही, भुवई उचलली नाही, काही केलं नाही. त्यांना सवयच नव्हती काही करावं लागण्याची. मग तिनं मागं आबांकडे बघितलं. आबांना प्रश्नातलं काही कळलं नव्हतं. लेक अडखळली एवढं कळलं, आणि त्यांनी मांडीवरचं घोंगडं मुठीत धरलं.

"नाही सर," अंबिका म्हणाली. "यात शिडी नाही. या पेशी विषाणूनं मेल्याच नाहीत."

"मग?"

"पूजेनं मेल्या."

मागच्या रांगेतली पोरं खदखदली. मुळावेकर हसले नाहीत. तिनं सगळं सांगितलं. बंद केलेला प्लग, उदबत्ती, दारावरचा हार, जांभळं पाणी, कापलेला रकाना. शब्द जागच्या जागी होते. मग खिशातून खरा फोटो काढून तिनं टेबलावर ठेवला. मुळावेकरांनी तो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघितला.

"ही धर्मनिंदा आहे!" सर उठून ओरडले. "आपल्या परंपरेची टिंगल!"

"कुंभोजकर," मुळावेकर त्याच हळू आवाजात म्हणाले, "माझ्या घरी नवरात्र बसतं. फ्रिज चालू ठेवून."

निकाल मात्र कडू लागला. मुळावेकर अंबिकाला म्हणाले, "तुझं काम खरं आहे, पण जे पुस्तक तू माझ्यापुढं ठेवलंस त्यात खोटा फोटो आहे आणि त्याखाली तुझं नाव आहे. मी हे मान्य करू शकत नाही. तो काढ, खरा घाल, पुन्हा दे." सरांनी तिथल्या तिथं मार्गदर्शकपद सोडलं. ते पुढं माझ्याकडे आलं आणि तिला डिग्रीही मिळाली, पण पाऊण वर्षानं. मुलाखती तोवर होऊन गेल्या होत्या. ती जागा एका मुलाला मिळाली. त्याच्या प्रबंधात काय काय दिसत होतं, ते मी विचारायला गेले नाही.

*

पण मला आठवते ती तोंडी परीक्षेच्या दुपारची कँटीन. आम्ही तिघं बाकावर बसलो होतो. आबांनी बशीत चहा ओतला.

"पास झालीस का?"

"नाही, आबा."

"का?"

"लबाडीचा एक फोटू व्हता पुस्तकात."

आबांनी बशी खाली ठेवली. "आन् शेळ्यांचं? त्येबी लबाडीचंच?"

"नाही. ते खरं हाय. बघितलं मी डोळ्यांनी."

"मग त्ये सांग की."

तिनं सांगितलं. माझ्याकडून कुणाला इतकं नीट सांगणं झालं नसतं. म्हणाली, आबा, रक्तात राखणदार पेशी असत्यात. आपल्या वाड्यावर कुत्री असत्यात तशा. ह्यो रोग आधी त्यांच्यातच शिरतो. पर त्यो त्यांना फाडत नाही, तोडत नाही. नुसता आत जाऊन बसतो. बाकी समदं ती पेशीच करती. तिच्याच घरातली कात्री, तिचाच हात. सोताला कापून घेती, गाठोडं बांधती आन् गुमान संपती. राखण संपली, की मग दुसरं रोग येत्यात, खोकला, हगवण, आन् शेळी जाती.

आबांनी घोंगड्यावरून हात फिरवला. "वरडत बी नाही?"

"नाही. शेजारच्या पेशीलाबी आवाज येत नाही."

तेवढ्यात नंदनवार आले. बाकासमोर नुसते उभे राहिले. चष्मा हातात होता, त्यामुळं चेहरा उघडा पडल्यासारखा दिसत होता. ते अंबिकाला म्हणाले की मला, ठाऊक नाही. "शपथेवर सांगतो, मला सर एका शब्दानं बोलले नव्हते. शिडी दिसली म्हण, असं कुणीच… कुणीच सांगितलं नव्हतं हो मला."

माझ्या जिभेवर चांगला झणझणीत शब्द आला होता. पण अंबिका आधी बोलली.

"माहीत आहे, सर," ती म्हणाली. "सांगावं लागत नाही."

नंदनवार तसेच उभे. आबांनी लेकीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. आजारी जनावराकडे बघतात तसं, खालपासून वरपर्यंत. आणि बाकावरचं घोंगडं ओढून त्यांनी बाजूला जागा केली.

"बसा, सायेब," ते म्हणाले. "च्या घ्या."